तारण : विश्वास, कर्मे आणि क्रिया

(दृश्य : पुण्यातील एका बाजारपेठेतील पाट्या, त्यानंतर गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा.)

पुण्याच्या बाजारपेठांतून चालताना ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी हमखास दिसते, आणि तिथे ‘तारण’ या शब्दाचा अर्थ उघड असतो : आपल्याजवळचे काही मौल्यवान गहाण ठेवायचे आणि त्याच्या बदल्यात हवे ते घ्यायचे. पंचहौद या अँग्लिकन मिशनच्या आवारात १८८५ साली उभ्या राहिलेल्या या देवालयातही ‘तारण’ हाच शब्द उच्चारला जातो, मात्र तेथे त्याचा अर्थ पापापासून आणि मृत्यूपासून सुटका असा आहे. मग मनुष्याने देवापाशी काय ठेवायचे? सत्कृत्ये ठेवायची, की विश्वास ठेवायचा, की ठेवण्याजोगे त्याच्याजवळ काहीच नाही?

मराठी पवित्र शास्त्र उघडले की या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि प्रथमदर्शनी ती एकमेकांशी भांडतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रेषित पौल सांगतो की, मनुष्य नियमशास्त्रातील (यहुद्यांच्या धर्मनियमांतील) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो, असे म्हटले आहे. विशेष म्हणजे आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दोघेही यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचेच उदाहरण देतात.

मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी ‘एर्गा’ हा एकच शब्द आहे, परंतु आपल्या प्रचलित भाषांतरात पौलाच्या वाक्यात ‘कर्मे’ आली आणि याकोबाच्या वाक्यात ‘क्रिया’ आल्या. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. मराठी माणसाच्या कानात ‘कर्म’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून संचित येते, प्रारब्ध येते, जन्मोजन्मीचा जमाखर्च येतो. म्हणूनच ‘कर्मांवाचून’ हा शब्द ऐकताना तो हिशेबच कोणीतरी फेडून टाकल्याचा भास मराठी श्रोत्याला होतो, आणि पौलाच्या म्हणण्याच्या गाभ्याशी तो विसंगत नाही. इफिसकरांस पत्रात तारण हे देवाचे दान असल्याचे सांगितले आहे. दानासाठी काही गहाण ठेवावे लागत नाही.

तरीही पौल कोणाशी वाद घालत होता, हे विसरता कामा नये. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी आधी सुंता करून घ्यावी आणि नियमशास्त्राचे बंधन स्वीकारावे, असा आग्रह धरणारे लोक त्याच्यासमोर होते. याकोबासमोरचे दुखणे वेगळे होते. बंधू किंवा बहीण उघडी आणि उपाशी असताना कोणी तिला ‘सुखाने जा, ऊब घ्या’ एवढेच म्हणतो आणि काहीच देत नाही. अशा विश्वासाला तो निर्जीव म्हणतो. अब्राहामाच्या आयुष्यातील प्रसंगही दोघे वेगवेगळे निवडतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात, सुंतेच्याही आधी, तारे दाखवून देवाने दिलेल्या संततीच्या वचनावर अब्राहाम विश्वास ठेवतो, तो क्षण पौलाला महत्त्वाचा वाटतो. याकोब ते वचन उद्धृत करतोच, पण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवतो, तिथे त्याची पूर्तता झाली, असे तो म्हणतो.

(दृश्य : जुन्या बायबलची पाने.)

युरोपात या प्रश्नावरून चर्च दुभंगले. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्रातील त्या वचनात ‘केवळ’ हा शब्द घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताचे, म्हणजे कमी मोलाचे, पत्र म्हटले. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ‘केवळ विश्वासाने’ या शिकवणीचा निषेध केला, मात्र नीतिमान ठरण्यापूर्वीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कृती, ती कृपा कमावू शकत नाही, हेही तिने स्पष्ट लिहून ठेवले. कॅथलिकांचे तारण कर्मांवर आणि प्रोटेस्टंटांचे विश्वासावर, अशी वाटणी आजही अनेकजण करतात. ती दोघांवरही अन्याय करणारी आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईने नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, हे त्यात दोघांनी मिळून मान्य केले. काही मतभेद उरले आहेत आणि ते खरे आहेत. १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यात आलेली कॅथलिक पेपल सेमिनरी आणि १९८३ मध्ये यवतमाळहून आलेली प्रोटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन परंपरांच्या धर्मशिक्षण संस्था आज एकाच शहरात आहेत.

(दृश्य : पुणे–दौंड लोहमार्ग, केडगाव स्थानक.)

परंतु हा प्रश्न पोथीबाहेर जगून दाखवणारी व्यक्ती म्हणून मला पंडिता रमाबाईच आठवतात. पंचहौदशी जोडलेल्या, इंग्लंडातील वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींशी त्यांची ओळख पुण्यात झाली आणि १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज येथेच, त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन हे विधवांसाठीचे निवासी विद्यालय सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. विधवांचे शिक्षण, निवारा, समाजाचा रोष सोसणे, हे सारे चालू होते. म्हणजे क्रियांची वाण नव्हती. तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. इतके करूनही हात रिकामे आहेत, ही ती जाणीव होती, आणि रिकाम्या हातांनीच त्यांनी ते दान घेतले.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली आणि विधवा आणल्या, केडगावला त्यांना घर दिले, आणि त्या घराचे नाव मुक्ती ठेवले. तेथील छापखान्यात त्या स्त्रियाच छपाईचे खिळे जुळवत असत. मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये त्यांच्या निधनाच्या सुमारास पूर्ण झाले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पौलाचे पत्र आणि याकोबाचे पत्र, दोन्हींची अक्षरे मुक्तीतल्या हातांनी जुळवलेली आहेत.