रुळाचा तुकडा वाजतोच

जय ख्रिस्त मंडळी! दिवाळी झाली की आमच्या बीडकडं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, मुकादमाची उचल घेतलेली असते, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर संसार लादून कारखान्याला जातात अन् वस्तीवर म्हातारी माणसं अन् शाळेतली लेकरं तेवढी मागं राहतात. आमचं छोटं चर्चही मग रिकामं पडतं. मागच्या डिसेंबरात एका रविवारी गेलो तर चार म्हाताऱ्या, दोन पोरं अन् आमचे मास्तर, बस. फादर महिन्यातून एकदाच येतात. तरी मास्तरांनी चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा हातोडीनं तीनदा वाजवला, अन् सगळी प्रार्थना वाचली, एक ओळ गाळली नाही.

मला तेव्हा सेंट फ्रान्सिस डी सेल्स आठवले. संभाजीनगरच्या कॅथेड्रलला त्यांचंच नाव आहे, पण त्यांची गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहितीय? १५९४ साली, वय २७, नुकतेच फादर झालेले, अन् चुलतभावाला घेऊन आजच्या फ्रान्समधल्या, जिनिव्हाजवळच्या शाब्ले भागात गेले. तिथले लोक तोवर कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झालेले. वडिलांचा विरोध, जिवाला धोका, म्हणून रात्री आलिंजच्या किल्ल्यात मुक्काम अन् दिवसा थोनों गावापर्यंत पायपीट. थंडी कशी, तर सांगतात की नदीवरच्या बर्फ गोठलेल्या लाकडावरून रांगत पलीकडं जायचे, का तर मिस्सा, म्हणजे आपली मुख्य उपासना, चुकू नये. अन् प्रवचनाला लोक किती? मूठभर. मग त्यांनी कागदावर लिहायला घेतलं, नकला काढून दाराच्या फटीतून आत सरकवायच्या, तुम्ही येत नाही ना, मग कागद येईल तुमच्या घरात! चार वर्षांनी, १५९८ ला, लोक मोठ्या संख्येनं कॅथलिक चर्चमध्ये परत आले. पण मला विचाराल तर त्यांचं मोठेपण पहिल्या हिवाळ्यातच आहे, कोणी ऐकत नसताना. पुढं ते जिनिव्हाचे बिशप झाले अन् तरी त्या शहरात कधी राहता आलं नाही, अनेसी नावाच्या दुसऱ्या गावातूनच काम केलं.

सेंट फ्रान्सिस झेवियरचंही तसंच. १५४२ ला गोव्यात उतरले, पार जपानपर्यंत गेले, अन् १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, नेतो म्हणालेल्या व्यापाऱ्याची वाट बघत, तापानं गेले. चीनच्या मुख्य भूमीवर पाऊलही पडलं नाही.

अन् ज्यांना घरातून निघताच येत नाही त्यांचं काय? फ्रान्समधल्या लिझ्यूची सेंट तेरेझा मठातच राहिली, २४ व्या वर्षी, १८९७ ला वारली, तरी १९२७ मध्ये पोपनी तिला झेवियरच्या बरोबरीनं मिशनकार्याची आश्रयदाती केलं.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर शेवटच्या सतरंजीवरच्या आजी उठल्याच नाहीत. गुडघे दुखतात त्यांचे, पण त्यासाठी नव्हे. जपमाळ हातात होती अन् प्रत्येक मण्याला एकेक नाव घेत होत्या, मोठा पोरगा, सून, धाकट्याचा कोयता, शेजारच्यांची टोळी. दारात उभा राहून मी ऐकत होतो, माझं नाव आलं तेव्हा चप्पल काढून परत आत जाऊन बसलो.