भिंतीएवढं कोलाज, बोटाच्या अंतरावरचं

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी मी एक कोलाज केलं होतं. 12 फूट रुंद, 8 फूट उंच. दहावीच्या 50 बॅचेसचे ग्रुप फोटो, जोडीला शिक्षक, शिपाईमामा, स्नेहसंमेलनं, सहली आणि मधोमध शाळेची जुनी कौलारू इमारत. आज त्याच कामाबद्दल बोलतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर कधी ना कधी हे काम येणार आहे. शाळा असेल, मंडळ असेल, नाहीतर घरातल्या आजीची पंचाहत्तरी असेल.

फाइल उघडण्याआधी मी फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, 72 रिझोल्यूशन पुरे. एवढ्या मोठ्या साइजला कुणी जवळ येऊन बघत नाही." 72 रिझोल्यूशन म्हणजे एका इंचात 72 ठिपके, म्हणजेच पिक्सेल. चौकातल्या होर्डिंगसाठी त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ते आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो आणि त्या अंतरावर ठिपके दिसत नाहीत. पण शाळेतल्या कोलाजसमोर माणूस काय करतो? आधी लांबून एकदा पाहतो, मग थेट भिंतीपाशी जातो, आपलं वर्ष शोधतो आणि रांगांवरून बोट फिरवतो. "ही मी. ही शेजारची कोण गं?" म्हणजे हे चित्र बोटाच्या अंतरावरून बघायचं आहे. माझे पुढचे सगळे निर्णय यातूनच निघाले.

आता हिशेब बघा. 12 फूट म्हणजे 144 इंच, 8 फूट म्हणजे 96. मी प्रत्येक ग्रुप फोटोला 18 इंच बाय 12 इंच जागा दिली. आडव्या 8, उभ्या 8, म्हणजे 64 घरं झाली. 50 बॅचेसना 50, इमारतीला मधली 4, उरली 10. त्या प्रत्येक घराचे 6 इंची 6 चौकोन पाडले की सुट्या फोटोंसाठी 60 जागा मिळतात. 18 इंचांत एका रांगेत बारा-तेरा मुलं उभी असली, तर एकेक चेहरा जेमतेम पाऊण इंचाचा होतो. 72 रिझोल्यूशनला त्या चेहऱ्याच्या वाट्याला 54 पिक्सेल येतात. त्यात डोळे म्हणजे दोन डाग. 150 ठेवलं की 112 पिक्सेल मिळतात आणि माणूस ओळखू येतो. मी 150 ठेवलं.

मग 300 का नाही? 150 ला ही फाइल 21,600 बाय 14,400 पिक्सेलची होते, म्हणजे एकाच थराला (लेअरला) सुमारे 900 एमबी. 300 ला रुंदी 43,200 पिक्सेल होते, आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल कुठल्याही बाजूने 30,000 च्या पलीकडे जात नाही. मोठ्या कामासाठी पीएसबी हा वेगळा प्रकार आहे, पण माझ्या 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपला ते ओझं पेललं नसतं, आणि फ्लेक्सवर तेवढा बारकावा उतरतही नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोटो गोळा करण्यात. लोक व्हॉट्सअॅपवर भराभर पाठवतात आणि मन भरून येतं. पण आलेले बरेचसे फोटो 1600 पिक्सेल रुंद होते, आणि मला हवे होते 2700. म्हणून मी प्रत्येकाला विनवलं: फोटोचा फोटो काढू नका, मूळ प्रिंट द्या, स्कॅन करून चार दिवसांत परत करतो. 6 बाय 4 इंचांची प्रिंट 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केली की 3600 बाय 2400 पिक्सेल मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. अल्बममधून प्रिंट ओढून काढू नका. जुन्या चिकट पानांच्या अल्बमवर फोटो असा बसतो की सोलताना वरचा थरच निघून येतो. मग सबंध पानच स्कॅनरवर ठेवायचं.

फोटोशॉपमध्ये मी आधी 64 घरांचे नुसते राखाडी चौकोन आखले. प्रत्येक फोटो आपापल्या चौकोनावर ठेवून क्लिपिंग मास्क दिला, म्हणजे फोटो कापला जात नाही, फक्त चौकोनाबाहेरचा भाग झाकला जातो. कडेला उभा असलेला मुलगा झाकला गेला तर फोटो सरकवून त्याला पुन्हा आत घेता येतं. लेअरला नाव म्हणून वर्षच द्या. 130 लेअर झाल्यावर "लेअर 87 कॉपी" म्हणजे कोण, हे कुणालाही सांगता येत नाही.

इथे माझी एक मोठी चूक झाली. सुरुवातीचे बारा फोटो मी स्मार्ट ऑब्जेक्ट न करता आणले, मांडणी जमवताना लहान केले आणि नंतर जागा बदलल्यावर पुन्हा मोठे केले. लहान करताना सॉफ्टवेअर पिक्सेल टाकून देतं, ते परत येत नाहीत. बाराही फोटो धुरकट झाले आणि पहिल्यापासून आणावे लागले. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ फोटो आत शाबूत राहतो. गिंप हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये जपा आणि आकार बदलायचा तर फोटो तिथून नव्याने आणा.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. जुने फोटो कृष्णधवल, मधल्या काळातले लालसर पडलेले, अलीकडचे मोबाइलचे चकचकीत. सगळे एकसारखे करा असा आग्रह झाला. मी फक्त लेव्हल्समधून काळोख आणि उजेड सावरला आणि रंग ज्या त्या काळाचे राहू दिले. डावीकडून उजवीकडे चालत गेलं की वर्षं सरकताना दिसतात. एआयने चेहरे "स्पष्ट" करण्याची सूचनाही आली. एका बाईंच्या फोटोवर करून पाहिलं. पापण्या आल्या, दात आले, कातडी गुळगुळीत झाली, आणि बाई दुसऱ्याच झाल्या. त्या आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला मी कुणा परक्या बाईचा चेहरा दाखवणार नाही. तो फोटो अंधूक होता तसाच ठेवला.

छापण्याआधी मी मूळ मापातला एक फूट बाय एक फूट तुकडा त्याच मशीनवर छापून घेतला. स्क्रीनवर ठीक वाटणारे सावळे चेहरे फ्लेक्सवर काळवंडले होते. ते उजळून मग अंतिम फाइल टिफ या फाइलप्रकारात दिली. आयलेट, म्हणजे फ्लेक्स टांगायच्या कड्या, ठोकायला चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचे सोडले, नाहीतर भोकं कुणाच्या तरी कपाळात पडली असती.

एका वर्षाचा फोटो मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. ती जागा दुसऱ्या फोटोने भरून टाका असं सगळे म्हणत होते. मी तिथे राखाडी चौकोन तसाच ठेवला आणि त्यावर फक्त वर्ष लिहिलं. समारंभाच्या दिवशी त्या बॅचची माणसं त्या रिकाम्या चौकोनापाशीच जमली, आणि कोण कुठे उभं होतं हे एकमेकांना सांगू लागली. दोन महिन्यांनी त्यांच्यातल्या एकीच्या माहेरच्या ट्रंकेत तो फोटो सापडला. कोपरा उंदरांनी कुरतडला होता, चेहरे सगळे होते. मी स्कॅन केला, 18 बाय 12 चा तेवढाच तुकडा छापून घेतला, आणि शिडी लावून त्या चौकोनावर चिकटवला.