कासवाचं दृश्य

श्रोतेहो, नमस्कार.

१९८० सालच्या फेब्रुवारीत इटलीतल्या मिलानमध्ये ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा चित्रपट लागला आणि दहाएक दिवसांतच जप्त झाला. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेलेले चार जण परतत नाहीत, सापडतात ती फक्त त्यांनी काढलेली रिळं, अशी गोष्ट. दिग्दर्शक रुजेरो देओदातो यांनी नटांकडून लिहून घेतलं होतं, की वर्षभर कुठे तोंड दाखवायचं नाही. ही हुशारी अंगाशी आली. माणसं खरोखरच मारली असा संशय आला आणि नट जिवंत आहेत हे देओदातोंना न्यायालयात दाखवून द्यावं लागलं. खांबाला टोचलेल्या बाईचं दृश्य कसं केलं, तेही सांगावं लागलं. लोखंडी खांबाला सायकलची सीट, तीवर बसलेली मुलगी आणि तोंडात धरलेला हलक्या लाकडाचा तुकडा. झालं!

पुढे ब्रिटनमध्ये सरकारी वकिलांनी आक्षेपार्ह व्हिडिओ कॅसेटींची यादी केली. एकूण ७२ नावं तिच्यात येऊन गेली, त्यांत हेही होतं. शौकिनांनी ती यादी वाण्याच्या यादीसारखी हातात धरली आणि एकेक नाव मिळवत गेले. कॉपीवरून कॉपी, चित्र इतकं पुसट की निम्मं रक्त मनानंच भरायचं. आपल्याकडे भाड्याच्या व्हीसीआरवर रात्र जागवलेल्यांना ते मुंग्या आलेलं चित्र आठवेल.

आज चित्र लख्ख दिसतं, दोन मिनिटांत सापडतं, तरी लोक शोधतातच. का? मला नाही वाटत की सगळे रक्ताला हपापलेले असतात. ‘मला सोसेल का’ ही एक खुमखुमी. आणि दुसरा प्रश्न, त्या न्यायालयाला पडला तोच: हे खरं आहे का? हलता कॅमेरा, धापा टाकणारा आवाज. मोबाइलवर रोज येणारे व्हिडिओ तरी वेगळे कुठे दिसतात?

गंमत अशी, की त्या प्रश्नाचं उत्तर अर्धं ‘हो’ आहे. माणसं खोटी मेली, जनावरं खरी. २०११ साली ब्रिटिश सेन्सॉरनं या चित्रपटातली फक्त १५ सेकंदं कापली, कोआटी नावाच्या छोट्या प्राण्याला मारण्याची. झटपट मारलेली जनावरं त्यांच्या नियमात बसतात म्हणे. कासव मारण्याचं दृश्य तसंच राहिलं.

मीही पाहिला. खांबाच्या दृश्याला मी सायकलची सीट कुठे दिसते का ते शोधत होतो. कासवाच्या वेळी मात्र आधी आवाज बंद केला, मग उठून स्वयंपाकघरात गेलो.

नमस्कार.