काडेपेटीवरचा चेहरा

(दृश्य: टेबलावर काडेपेटी. कॅमेरा हळूहळू जवळ.)

मुठीत मावेल एवढी काडेपेटी. वर एका माणसाचा फोटो आणि इनामाची रक्कम, २० लाख डॉलर. हा रम्झी युसूफ. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली स्फोट घडवून पळालेला. अमेरिकेने अशा काडेपेट्या पाकिस्तानात वाटल्या. पोस्टरपुढे थांबलं की चार लोक बघतात. काडेपेटी खिशातून गुपचूप घरी जाते. ७ फेब्रुवारी १९९५ रोजी युसूफ इस्लामाबादच्या गेस्ट हाऊसमध्ये सापडला. खबर देणारा त्याच्या ओळखीतलाच होता.

(दृश्य: 'वाँटेड' पोस्टरांची भिंत.)

या इनामांमागे १९८४ चा कायदा आहे आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याची 'रिवॉर्ड्स फॉर जस्टिस' ही योजना. लोक 'डोक्यावर इनाम' म्हणतात, पण इथे मोल होतं ते माहितीचं. हल्ली ती सिग्नल, टेलिग्राम, व्हॉट्सॲपवरूनही देता येते. मात्र 'तो त्या शहरात असतो' एवढ्यावर काही हलत नाही. घर कोणतं, सोबत कोण, बाहेर केव्हा पडतो, हे पडताळता आलं पाहिजे.

खबर खरी निघाली तरी खबऱ्याला स्वतः इनामावर दावा सांगता येत नाही. तपास यंत्रणेने किंवा दूतावासाने त्याचं नाव सुचवावं लागतं. मग वेगवेगळ्या खात्यांची समिती बसते, शिफारस करते, आणि अखेरचा शब्द परराष्ट्रमंत्र्यांचा. खटला अमेरिकी न्यायालयाच्या कक्षेतला असेल तर ॲटर्नी जनरलची, म्हणजे तिथल्या न्याय खात्याच्या प्रमुखाची, संमतीही लागते. या निर्णयाविरुद्ध कोर्टात दाद नाही. पोस्टरवरचा आकडा ही वरची मर्यादा. हातात किती पडणार हे माहितीचा उपयोग आणि खबऱ्याने पत्करलेला धोका पाहून ठरतं. सरकारी नोकराला ड्युटीवर कळलेल्या गोष्टीचे पैसे मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

(दृश्य: हाफिज सईद, कॅमेऱ्यांसमोर बोलताना.)

एप्रिल २०१२. लष्कर-ए-तैयबाच्या संस्थापकावर १ कोटी डॉलरचं इनाम जाहीर झालं आणि हा माणूस लगेच रावळपिंडीत पत्रकार परिषद घेऊन बसला. ठिकाण सगळ्या जगाला ठाऊक. अमेरिकेला खुलासा करावा लागला, की आम्हाला त्याचा पत्ता नको, कोर्टात टिकेल असा पुरावा हवा. तो देऊ शकणारे त्याच्याच आतल्या गोटातले, आणि त्यांना पाकिस्तानात अभय कोण देणार? २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला शिक्षा दिली, ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल. २६/११ बद्दल नव्हे.

(दृश्य: होलो बेट, फिलिपिन्स. चेहरे झाकलेली माणसं.)

७ जून २००७. अबू सय्याफ या दहशतवादी संघटनेच्या दोन म्होरक्यांची खबर दिल्याबद्दल इथे १ कोटी डॉलर दिले गेले, प्रत्येकासाठी ५० लाख. त्यांतला एक, खदाफी जंजलानी, सप्टेंबर २००६ मध्येच मारला गेला होता. पण पुरलेला मृतदेह त्याचाच आहे हे डीएनए तपासणीतून पक्कं व्हायला जानेवारी उजाडला. ओळख पटेपर्यंत पैशाची गोष्टच नाही.

 

धोका असलेल्या खबऱ्याला कुटुंबासह दुसरीकडे हलवण्याची तरतूद योजनेत आहे.

(दृश्य: झाकलेला चेहरा, फक्त डोळे. निवेदन नाही.)