सतरंजीवरची समानता

(नागपुरात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी माझी ओळख करून देताना अध्यक्षबाईंनी ‘सेवाभावी’ हा शब्द तीनदा वापरला. मी मोजत होते. वीस वर्षांपूर्वी मी तो ऐकून लाजले असते, आतून सुखावलेही असते. आता हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप पर्सकडे जातो. आज आपल्या खिशातून काय जाणार, ते बघायला.

विषय मला दिला होता ‘स्वयंसेवी संस्थांतील मनुष्यबळ : आव्हाने व संधी’. संधींवर बोलणारे तुम्हाला खूप भेटतील. मी दुसऱ्या शब्दावर बोलते.

२००३ साली मी इथल्याच एका संस्थेत लागले. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, ‘अच्छा, ती होय!’ आणि बाकीच्या सगळ्या सुटतील. मुलाखत म्हणजे संस्थापकांशी गप्पा. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पैशासाठी आलीस की कामासाठी?’ मी ताठ मानेनं म्हणाले, ‘कामासाठी.’ त्या उत्तरावर मी पुढची चौदा वर्षं काढली. पगारवाढ मागायला गेले की भाऊ हसून म्हणत, ‘अगं, तूच तर म्हणाली होतीस.’

तिथे पगाराला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. शब्द साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरंच काही मावतं. पगार उशिरा झाला तर माणूस विचारतो. मान उशिरा मिळाला तर विचारणार कसं? आमच्या ऑफिसात दहा तारखेनंतर एकमेकांना दबक्या आवाजात विचारलं जायचं, ‘काऊन जी, झालं का?’ काय झालं का, हे कोणी उच्चारत नसे.

आणि पावत्या. पत्रकावर माझ्या नावापुढे साडेसात हजार, सही तेवढ्यावर, हातात सहा. उरलेल्या दीड हजाराची संस्थेच्या नावाची पावती : ‘स्वेच्छा देणगी’. डोनरनं मंजूर केलेल्या रकमेतून संस्थेचं भाडं, वीजबिल, गाडीचं डिझेल निघत नाही, म्हणून ते आमच्या पगारातून निघे. मी ते चोरी समजत नव्हते. मला वाटायचं, घर चालवायचं तर घरातल्यांनीच हातभार लावायचा. हो, आम्ही ‘परिवार’ होतो. परिवारात कोणी अपॉइंटमेंट लेटर मागतं का? मला ते पहिल्यांदा मिळालं सहाव्या वर्षी, तेही एका डोनरच्या ऑडिटरनं मागितलं म्हणून. त्यावर तारीख मागची टाकली होती.

आता दर सोमवारची सभा. यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण पगाराचं दुखणं माणसाला सांगता तरी येतं. सकाळी आठ वाजता सतरंजी अंथरायची, सगळ्यांनी गोल बसायचं, भाऊही आमच्यातच, मांडी घालून. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते दृश्य फार आवडे. खुर्ची नाही, टेबल नाही, साहेब नाही. प्रार्थना व्हायची आणि मग ‘आत्मपरीक्षण’. प्रत्येकानं गेल्या आठवड्यातली आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची. नाही सांगितली, तर दुसऱ्यानं आठवण करून द्यायची. उमरेडकडच्या फील्डवर काम करणारा एक मुलगा होता. व्हाउचरला चहाचं बिल जोडलं, हे त्याला तीन सोमवार ओळीनं कबूल करावं लागलं. बिल बावीस रुपयांचं होतं. तिसऱ्या सोमवारी तो रडला. भाऊ उठले, त्याला जवळ घेतलं आणि म्हणाले, ‘आता मन स्वच्छ झालं.’ आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मला तो प्रसंग कित्येक वर्षं सुंदर वाटत होता, हे कबूल करते. कबुलीची सवय तिथलीच!

खुर्चीवर बसलेल्या साहेबाशी भांडता येतं. सतरंजीवर शेजारी बसलेल्याशी कसं भांडायचं? त्या गोलात भाऊंनी स्वतःची चूक सांगितल्याचं मला आठवत नाही. एकदा फक्त म्हणाले होते, ‘मी तुमच्यावर फार विश्वास टाकतो, ही माझी चूक.’

भाऊ वाईट माणूस होते असं चित्र मात्र डोक्यात घेऊन जाऊ नका. पन्नाशी उलटल्यावरही ते एसटीनं फिरत. त्यांच्या अंगावरचा सदरा दोन जागी रफू केलेला असे. अडचण तीच होती. जो माणूस स्वतःला इतकं झिजवतो, त्याच्यासमोर तुम्ही रविवारची सुट्टी कोणत्या तोंडानं मागणार? त्यांचा त्याग हेच आमचं हजेरीपुस्तक होतं.

आता गंमत बघा. आपण त्यागाची ही सगळी भाषा ज्या परंपरेच्या नावावर खपवतो, ती परंपरा इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. वर्धा. गांधीजींनी १९३५ साली लावून धरलं होतं की खादीसाठी सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांना आठ आणे. खादीचं काम चालवणाऱ्या त्यांच्या चरखा संघातल्याच कार्यकर्त्यांना ते पटत नव्हतं. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, काम बंद पडेल, हे त्यांचे मुद्दे. आज कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीत ऐकू येतात तेच. आठ आणे काही मिळाले नाहीत, पण मजुरी वाढवण्याचं धोरण चरखा संघानं स्वीकारलं. आमच्या भिंतीवर गांधीजींचा फोटो होता, खाली चरखाही होता. ही गोष्ट मात्र चौदा वर्षांत मला तिथे कोणी सांगितली नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द तुम्ही आयटीवाल्या मित्रांकडून ऐकला असेल. तो मानसशास्त्रात रुळला तो मात्र आपल्याच गल्लीतून. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात रात्री काम करायचे, दिवसा स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून. तिथले स्वयंसेवक आणि ते स्वतः हळूहळू कसे विझत जातात, चिडचिडे होतात, ज्यांच्यासाठी आलो त्यांचाच तिटकारा करू लागतात, हे त्यांनी १९७४ साली लिहिलं. सर्वांत आधी जळतात ते मनापासून झोकून देणारे, असं त्यांचं निरीक्षण होतं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीशी निगडित घटना म्हटलं आहे. मला तो फरक मोलाचा वाटतो. आजार म्हटलं की माणसाला योगशिबिराला पाठवून मोकळं होता येतं.

त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कर्मचाऱ्यांच्या स्थितीवर बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला. आदल्या वर्षी त्यांच्या पॅरिस कार्यालयातल्या एका ज्येष्ठ संशोधकानं जीव दिला होता, तीसहून अधिक वर्षांच्या कामानंतर. जगभरातल्या छळाच्या कहाण्या रोज ऐकणारी ही माणसं. आपल्याला वाटेल, त्या कहाण्यांनीच खचली असतील. अहवालात मुळाशी निघाली ती संस्थेतली वागणूक आणि व्यवस्थापन : चारचौघांतला अपमान, दादागिरी, ‘आम्ही’ आणि ‘ते’. पाहणीतल्या ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं की इथल्या कामामुळेच आपल्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास जडला. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या, नोबेल मिळालेल्या संस्थेची ही गोष्ट. तेव्हा आपल्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसचं काय घेऊन बसलात?

पैशाचं गणितही थोडं समजून घ्या, नाहीतर सगळा दोष स्वभावावर जाईल. डोनरला मुलांच्या हातातली पुस्तकं दिसायला हवी असतात, पुस्तकं वाटणारीचा पीएफ नको असतो. परदेशी निधीतून प्रशासनावर पूर्वी निम्म्यापर्यंत खर्च करता येई. २०२० च्या दुरुस्तीनं ती मर्यादा २० टक्क्यांवर आणली. प्रकल्प तीन वर्षांचा, मग मध्ये चार महिने निधी नाही. त्या चार महिन्यांत गावातली कामं थांबत नाहीत, बाया बैठकीला येतातच. तेव्हा तुम्ही ‘स्वयंसेवक’ होता. नवीन निधी आला की पुन्हा कर्मचारी.

कायदा तुमच्या बाजूला आहे का? थोडा आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सांगितलं की संस्था धर्मादाय आहे एवढ्यावरून ती ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर जात नाही. माणसं पगारावर ठेवून काम करून घेत असाल, तर कामगाराला दाद मागता येते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं मात्र पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संघटनांच्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या. म्हणजे ते दार आता बरंच ओढून घेतलेलं आहे. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा हक्क आहे. अकरा महिन्यांचा करार आणि मध्ये दोन दिवसांचा खंड, ही युक्ती त्यासाठीच वापरतात. तो खंड कागदावर कोण पाडतो, ते बघत चला.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रस्ट, सोसायटी, स्वयंसेवी संस्था यांची नावं स्पष्ट आली आहेत. दहा माणसं असली की अंतर्गत समिती लागतेच. या कायद्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आहे आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या भंवरीदेवी आहेत. त्या सरकारी कार्यक्रमातल्या ‘साथिन’ होत्या, गावात बालविवाह थांबवत होत्या, आणि त्याच कामावरून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. म्हणजे आपल्यासारखंच मानधनावरचं काम. समितीवरचा बाहेरचा सदस्य बहुतेक वेळा एखाद्या स्वयंसेवी संस्थेतूनच घेतात. मी चार कंपन्यांच्या समित्यांवर अशी सदस्य होते. आमच्या स्वतःच्या ऑफिसात समिती नव्हती. भाऊ म्हणायचे, ‘आपल्यात कशाला?’ मीही तेव्हा हो म्हटलं.

आता जे सांगते ते मला सोपं नाही.

नवव्या वर्षी मी समन्वयक झाले. भाऊ बाहेरगावी असले की सोमवारची सभा मी घेई. माझ्या हाताखाली रामटेकच्या बाजूची एक मुलगी होती, तेवीसेक वर्षांची. चार गावांचे बचत गट एकटी सांभाळायची. एका बुधवारी तिचा फोन आला की आईला मेडिकलला भरती केलंय, उद्या ऑपरेशन आहे, दोन दिवस सुट्टी हवी. शुक्रवारी डोनर व्हिजिट होती, दिल्लीहून तीन माणसं येणार होती. गटातल्या बाया तिच्याशिवाय कोणाशी बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी तिला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची तिथे पद्धतच नव्हती. मी म्हटलं, ‘बघ बाई, तुझ्या मनाला काय वाटतं ते कर. त्या चाळीस बायाही तुझ्या आयाच आहेत.’

ती आली. गुरुवारी गावात थांबून तिनं तयारी केली, शुक्रवारी रांगोळी काढली, पाहुण्यांना गटाची वही दाखवली, बायांकडून गाणं म्हणवून घेतलं. आईचं ऑपरेशन नीट झालं, पण ती तिथे नव्हती. पुढच्या सोमवारी मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. समर्पण म्हणजे काय ते हिच्याकडून शिका, असं. ती खाली सतरंजीकडे बघत होती. महिन्याभरानं तिनं येणं बंद केलं. आम्ही म्हणालो, तिच्यात टिकाव नव्हता.

कोणी मला तसं बोलायला शिकवलं नव्हतं. ते वाक्य तयारच होतं माझ्या तोंडात, भाऊंच्याच आवाजात.

गेल्या वर्षी ती मला सीताबर्डीवर भेटली, मेन रोडच्या गर्दीत. एका पतसंस्थेत कामाला आहे, मुलगा दुसरीत. आम्ही बाजूला चहा घेतला. मी बरंच पाठ करून ठेवलेलं होतं, इतक्या वर्षांत मनात कितीदा म्हटलेलं. चुकलं, तुला पाठवायला हवं होतं, वगैरे. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, ते राहू द्या जी. माझं अनुभव प्रमाणपत्र तेवढं मिळालं नाही अजून. साडेतीन वर्षं केलं ना मी काम.’

मी संस्था सोडून तेव्हा काही वर्षं झाली होती. लेटरहेड नाही, शिक्का नाही. तरी मी घरी येऊन साध्या कागदावर लिहिलं : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पद, गावं, गटांची संख्या. खाली सही केली, फोन नंबर टाकला आणि पाठवून दिलं. ते कुठे चालतं का, हे तिनं अजून कळवलेलं नाही.