लाल झग्यातली आनिटा

ऑटो डिक्स या जर्मन चित्रकारानं रंगवलेलं, नर्तकी आनिटा बेर्बरचं हे चित्र. आधी नुसता रंग बघून घ्या. झगा लाल, केस लाल, ओठ लाल, नखं लाल, आणि मागची भिंत, तीही लाल. या लालीतून वेगळे दिसतात ते फक्त तिचे हात आणि चेहरा. चेहरा पावडर थापून पांढराफटक केलेला, डोळ्यांभोवती काळ्या कडा. ओठ इतके बारीक रंगवलेत, की तोंड मिटलंय की आवळलंय तेच कळत नाही.

या बाईचं वय काय असेल? पन्नाशी म्हणाल ना? चित्र 1925 सालचं आहे आणि आनिटा बेर्बर तेव्हा होती पंचवीस-सव्वीस वर्षांची.

बाप व्हायोलिनवादक, आई कॅबरेत गाणारी. आनिटाचा जन्म 1899 चा, लाइपझिगचा. ती नाचायला उभी राहिली तेव्हा जर्मनी पहिलं महायुद्ध हरत होता. 1918 मध्ये कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गेला, पाठोपाठ सेन्सॉरशिप गेली. 1920 मध्ये आसपासची गावं सामील करून घेऊन बर्लिन एका झटक्यात अडतीस लाखांवर पोचलं. मग पैसाच गेला. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क मोजावे लागत होते. संध्याकाळपर्यंत नोटेचा कागद होणार असेल, तर माणूस ती दुपारीच उडवणार. बर्लिनची रात्र अशा पैशांवर चालली होती.

त्या रात्रीत आनिटा विवस्त्र नाचायची. झेबास्टिआन ड्रोस्ट या जोडीदाराबरोबर तिनं दुर्गुण, भय आणि उन्माद या विषयांवर नृत्यं बसवली. लोक पाहायला यायचे शरीर, आणि समोर यायचं व्यसन, वेड, मरण. कधी टक्सिडो चढवून, डोळ्याला एकभिंगी चष्मा लावून ती गावभर हिंडायची. कोकेन होतं, दारू होती, मारामाऱ्याही होत्या. ऑस्ट्रियानं तर तिला हद्दपारच केलं.

आता ऑटो डिक्सकडे येऊ. कारखान्यात राबणाऱ्या कामगाराचा हा मुलगा, महायुद्धात मशीनगनवर होता. परत आला तो खंदकांत सडणारी माणसं डोळ्यांत घेऊनच. ड्रेस्डेनच्या भर बाजारातल्या रस्त्यावर लाकडी पायांनी सरपटणारे माजी सैनिक त्यानं 1920 मध्येच रंगवले होते. पण हा माणूस रडका नव्हता. त्याला नाचायचा भारी शौक! तो आणि बायको मार्था मिळून शिमी हा खांदे हलवत करायचा नाच करायचे, आणि मार्था त्याला ‘जिम’ म्हणायची. आनिटाचे कार्यक्रम दोघांनी पाहिले होते.

तिच्या नग्नतेवर सगळं शहर चर्चा करत असताना डिक्सनं तिला गळ्यापासून मनगटापर्यंत झाकून टाकलं. मला या चित्रातली सर्वांत मोठी चलाखी हीच वाटते. जरा जवळ जाऊन बघा. कापड अंगाला इतकं चिकटलंय की पोटावरची प्रत्येक चुणी दिसते. एक हात कमरेवर, आणि त्याची बोटं नख्यांसारखी. डिक्स जुन्या जर्मन चित्रकारांसारखा थरावर थर चढवून काम करायचा. इथंही प्लायवूडवर टेम्परा, म्हणजे अंड्यात कालवलेला रंग, आणि तेलरंग आहेत. ती ओलसर, तापल्यासारखी लाली अशा कामातून येते. म्हणजे झगा आहे, पण लपवत काहीच नाही.

पुस्तकं हे चित्र ‘नवी वस्तुनिष्ठता’ या, जे दिसतं ते कोरडेपणानं रंगवणाऱ्या जर्मन चळवळीच्या खात्यात टाकतात. टाकू देत. पण जे दिसतं तेवढंच रंगवायचं असतं, तर तिचं वय दुप्पट कशाला केलं असतं? किर्शनर या जर्मन चित्रकारानं 1913 मध्ये बर्लिनच्या रस्त्यावरच्या बायका अणकुचीदार, हिरवट-पिवळ्या रंगवल्या, तेव्हा शहराचा ताण त्यानं त्यांच्या अंगात उतरवला होता. डिक्सची रेघ शांत आहे, पण त्याचा लाल रंग थेट त्याच अभिव्यक्तिवादी, म्हणजे आतली भावना रंगात ओतणाऱ्या, घराण्यातला.

डिक्सनं तिची नाचक्की केली, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मान बघा तिची. इतकी थकूनही ती खाली गेलेली नाही.

1928 मध्ये दौऱ्यावर असताना आनिटा दमास्कसमध्ये कोसळली. क्षयानं पोखरलं होतं. 10 नोव्हेंबरला बर्लिनमध्ये गेली, एकोणतिसाव्या वर्षी. 1933 मध्ये नाझींनी डिक्सला ड्रेस्डेनच्या अकादमीतून काढलं आणि 1937 मध्ये त्याची चित्रं ‘अधःपतित कला’ म्हणून हिणवायला म्युनिकच्या प्रदर्शनात टांगली. हे चित्र मात्र तगलं, आणि आज ते श्टुटगार्टच्या कुन्स्टम्युझियममध्ये आहे.

1991 मध्ये डिक्सची जन्मशताब्दी आली. जर्मन टपाल खात्यानं तिकीट काढायचं ठरवलं, आणि त्यासाठी निवडली ती हीच लाल आनिटा. ऑस्ट्रियानं जिला सरहद्दीबाहेर घालवलं होतं, ती आता सरकारी शिक्का मारून घरोघर पोचवली जात होती.