न्यू जर्सीची सही, रावेरचं वावर: परदेशातून दिलेलं मुखत्यारपत्र

राम राम मंडळी! हा सातबारा बघा. (उतारा कॅमेऱ्याजवळ धरून) रावेर तालुक्यातलं केळीचं वावर. वडील गेल्यावर वारस लागले, दोन भाऊ आणि एक बहीण. ती माझी मावसबहीण, राहते न्यू जर्सीत. आता बोट ठेवतो तिथं बघा: सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव. पासपोर्टवर मात्र नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला, तिनं भावाच्या नावानं मुखत्यारपत्र पाठवलं, म्हणजे आपल्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद (पॉवर ऑफ अॅटर्नी). आणि खरेदीच्या दिवशी विचारणा झाली, या दोघी एकच कशावरून? व्यवहार अडला. भाऊ बिचारा केळीची कापणी सोडून आला होता.

म्हणून भाऊ-ताईंनो, मसुदा लिहितानाच दोन्ही नावं घाला. 'अमुक, माहेरचे नाव तमुक', असं स्पष्ट. सोबत लग्नाचा दाखला. आणि जमिनीचं वर्णन सातबाऱ्यावरून अक्षरशः उतरवा: गाव, गट नंबर, हेक्टर-आर, तिचा हिस्सा, चतुःसीमा. 'माझी सर्व मालमत्ता' असलं मोघम कुलमुखत्यारपत्र मला मुळीच पटत नाही. एका वावरासाठी खास मुखत्यारपत्र करा. त्यात खरेदीखतावर सही करणं, दस्त नोंदणीला सादर करणं, सही आपलीच असल्याची निबंधकासमोर कबुली देणं, हे अधिकार वेगवेगळे लिहा.

आता सही कुणासमोर? नोंदणी कायदा 1908, कलम 33. देणारा भारताबाहेर राहत असेल, तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर सही करून ती साक्षांकित झालेली चालते. वकिलातीचा शिक्का इथं सगळे ओळखतात. नोटरीचा रस्ता धरला, तर अमेरिकेत त्या राज्याच्या सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, लावून घ्या. भारतात 2005 पासून अपोस्टिलला मान्यता आहे. दुबईवाल्यांनी सरळ वकिलात गाठावी.

लिफाफा घरी आला की देव्हाऱ्यात ठेवू नका! महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती ते ठरवून देण्याचा, अर्ज करा. कुरिअरची पावती जपा, कधी पोचलं याचा पुरावा तोच. भाऊ, बहीण, आई-वडील, नवरा-बायको अशा जवळच्या नात्यात मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला, तर शुल्क 500 रुपये. गावच्या ओळखीच्या माणसाला दिला, तर बाजारभावावर खरेदीखताइतकं शुल्क. फरक लाखांत जातो.

कुणी म्हणेल, मुखत्यारपत्रच लिहून घेतो, खरेदी कशाला? नाही! सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलंय, मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतंच.

शेतजमीन असेल तर घेणारा भारतात राहणाराच हवा, आणि आपल्या राज्यात तो शेतकरी हवा. वर्ग 2 ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, जमीन असेल तर आधी परवानगी. पैसे बहिणीच्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं). भावाच्या खात्यात घेऊच नका, पुढं नात्यात कडवटपणा येतो, मी बघितलाय. खेड्यातली शेती नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेशी लांब असेल (लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटर), तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शहरातला प्लॉट असेल, तर घेणारा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतो. कमी कपातीचा दाखला आधीच काढा.

आणि एक. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपतं. म्हणून खरेदीच्या दिवशी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं, की देणारी हयात आहे आणि तिनं पत्र रद्द केलेलं नाही. नवा कागद आल्यावर भावानं त्या सकाळी, कार्यालयात जायच्या आधी, तिला व्हिडिओ कॉल लावला. आपले साडेनऊ, तिच्याकडं आदल्या रात्रीचे अकरा. ती म्हणाली, "दादा, बांधावरचं चिंचेचं झाड दाखव एकदा." त्यानं गाडी वावराकडं वळवली, झाड दाखवलं, आणि मग सहीला गेला.